साध्या वेशातला मामा
शेजारणीनं परवा ट्रंकेतून शालू काढला, त्याला डांबरगोळ्यांचा वास होता, आणि मला नागपुरातलं बालकल्याण मंडळाचं ते कार्यालय आठवलं. मी तिथं नुकतीच टायपिस्ट म्हणून लागले होते. मुलांसाठी केंद्राचा नवा कायदा आला होता. मुलांनी घाबरू नये म्हणून त्यांच्यासमोर पोलिसानं वर्दीत यायचं नाही, असं त्यात होतं. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या गाड्यांमागे रडत सापडलेली सहा-सात वर्षांची एक पोर आमच्याकडे होती. तिच्या घरच्यांचा काही केल्या पत्ता लागेना, तेव्हा तिला बालगृहात पाठवायचं ठरलं. न्यायला आलेला हवालदार लग्नाकार्यासाठी ठेवलेला पांढरा सदरा, पायजमा आणि टोपी घालून आला. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. इतके दिवस कुणाशी अवाक्षर न बोललेली ती पोर त्याला पाहताच बाकावरून उठून धावली. "मामा, मायनं पाठवलं ना तुमाले? गावाले चाललो ना आपण?" त्याचं बोट धरून ती हसत हसत निघून गेली. संध्याकाळी तो एकटाच परत आला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला. "बाई, पुढच्या खेपेले मले वर्दीतच येऊ द्या. पोरगी भेली असती, पण तिले आस तर नसती लागली." कायदा चांगलाच होता, हे मी आजही भांडून सांगेन. पण माझ्या घरात डांबरगोळ्या नाहीत. कपड्यांना कसर लागायची तर लागो.