लोकरीची म्होरकी

घोडा माणसाची पारख करतो, असे आमच्या घराण्यात सात पिढ्या मानत आले आहेत. वडिलांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले होते, की बरीच वर्षे मला ते खरे वाटे. वस्तुस्थिती अशी, की आजोबा बैलगाडीतून हिंडले आणि पणजोबा पायी. त्यामागच्या पाच पिढ्यांबद्दल कुणालाच काही माहीत नव्हते, म्हणून घोडे तिथे ठेवून दिले होते.

कालव्याचे पाणी आले, उसाने चांगली साथ दिली, आणि वडिलांना दाराशी घोडा हवासा वाटू लागला. जळोचीपलीकडच्या माळावर पावसाळ्यात धनगरांचा वाडा उतरत असे. वाडा म्हणजे मेंढरे, कुत्री, बिऱ्हाड वाहणारी तट्टे आणि माणसे. भिंत एकही नाही. आमच्या पडीक रानात त्यांची मेंढरे चरत, ती ओळख धरून त्या वाड्यातल्या म्हातारीने आपल्या घोडीची दोन वर्षांची पोर वडिलांना दिली. तांबडी, आखूड मानेची, आणि माणसाचा हात अजून अंगाला न लागलेली.

तिला शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा इंटरला दुसऱ्यांदा नापास होऊन पुण्याहून परतलो होतो. तरी घरात मला विद्वान समजत. नापास व्हायलासुद्धा पुण्यापर्यंत जावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. माझ्याजवळ रद्दीत घेतलेले एक इंग्रजी पुस्तक होते, कुणा घोडदळातल्या साहेबाचे. जनावराच्या डोळ्याला डोळा भिडवून आपला अधिकार प्रस्थापित करावा, असे त्यात म्हटले होते. चार दिवस मी काटेरी कुंपणाच्या आत अधिकार प्रस्थापित करीत होतो. मी या कोपऱ्यात गेलो की ती त्या कोपऱ्यात जाई.

पाचव्या दिवशी म्हातारी आली. कुंपणाबाहेर उकिडवी बसून तिने बराच वेळ आम्हा दोघांना पाहिले.

"तिच्याकडं असं काय बघतुयास रं?"

"पुस्तकात तसं लिहिलंय, आजी."

"लांडग्यानं लिवलंय का? लांडगा बघतो असा. पाठ दाव तिला. खाली बस, आन् गप ऱ्हा."

"नुसतं बसू?"

"तुला येतंय की ते. आल्यापास्नं बसूनच हाईस म्हणं."

मी बसलो. रोज सकाळी तिच्याकडे पाठ करून, तळहातावर गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ घेऊन. पहिले काही दिवस फक्त माश्या आल्या. मग एका सकाळी मानेवर ऊन श्वास लागला. मी हललो नाही. गूळ गेला. त्यानंतर तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि तशीच उभी राहिली. आयुष्यात पुढे मला दोनचार मानपत्रे मिळाली. त्यांतल्या एकाचाही मजकूर आज आठवत नाही. त्या हनुवटीचे वजन आठवते.

म्हातारीने लोकरीच्या मऊ दोरीची म्होरकी वळून दिली. ती आधी नुसती घोडीच्या मानेवर घासायची, मग गालावर, मग नाकावरून अलगद चढवायची आणि लगेच काढायची. दोरी धरून चालवण्याची युक्तीही म्हातारीचीच. "वढलीस तर ती बी वढंल, आन् तिच्यात बळ जास्त हाय. दोरी जरा ताठ धर. तिनं एक पाय टाकला की तवाच सैल सोड. सैल सोडलेलं तिला कळतं." भाद्रपद सरेपर्यंत घोडी माझ्यामागे दोरी सैल ठेवून विहिरीपर्यंत येऊ लागली. कशाला दचकली तर माझ्या पाठीमागे येऊन तोंड खांद्याशी दडवायची, मग शांत व्हायची.

गावात लोक विचारीत, कशी माणसाळवली? मी म्हणे, "पुस्तकात सगळं असतं." म्हातारीचे नाव मी कुणाजवळ काढले नाही.

दसऱ्याला घोड्याची पूजा करायची, आणि पेन्शनीत निघालेल्या एका रावसाहेबांना त्यासाठी बोलवायचे, असे वडिलांनी ठरवले. म्हातारीच्या कानावर हे गेले, तेव्हा ती मुद्दाम चालत आली.

"एवढ्यात न्हाय. दिवाळी होऊ दे. आजून ती एका माणसाची झालीया, गावाची न्हाय."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "काय रं, जमंल का न्हाय?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "जमंल की आबा."

दसऱ्याला दारात हलगी आणि ताशा होता. वडिलांनी पुण्याहून घुंगरांचा कातडी लगाम आणवला होता, म्हणून लोकरीची म्होरकी काढून तो चढवला. झेंडूच्या माळा घातल्या, कपाळाला हळदकुंकू लावले. माझ्या हातात गोंडा लावलेला वेत दिला, शोभेसाठी. रावसाहेब खुर्चीवर होते. आरतीचे तबक पुढे आले, ताशा एकदम वाजला, आणि घोडीचे अंग थरथरू लागले. ती उधळली नाही. तिला जे शिकवले होते तेच तिने केले. माझ्या पाठीमागे आली आणि तोंड माझ्या खांद्याशी दडवले.

रावसाहेब हसले. "अहो, ही घोडी की नवी नवरी? पदराआड लपतेय!"

सगळे दार हसले. "आरं, फुडं घे की तिला," वडील दातांतल्या दातांत म्हणाले.

मी वळलो आणि वेताने तिच्या तोंडावर मारले. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या फटक्याला हातातला लगाम पुरेसा ताठ होता, त्यामुळे तिला मागे सरता आले नाही.

ती पुढे आली आणि उभी राहिली. पूजा यथासांग झाली. नुकत्याच मारलेल्या तोंडासमोर आम्ही ओवाळले आणि हात जोडले. "शिकवलीय चांगली," असे रावसाहेब म्हणाले, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला बरे वाटले. पुढे कित्येक वर्षे माझ्या मनाला लागून राहिले ते हेच, फटक्यांहूनही जास्त.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणात जाऊन पाठ करून बसलो. गूळ होता, मीठ होता. ऊन डोक्यावर आले. कुणी आले नाही. मागे वळून पाहिले तेव्हा ती दूरच्या कोपऱ्यात माझ्याकडे तोंड करून उभी होती आणि टक लावून बघत होती. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी म्हातारी आली. वाडा कोकणाच्या वाटेला लागायचा होता, जाण्याआधी पोर बघायला आली होती. घोडीच्या डोळ्याखाली वळ सुजून काळा झाला होता. आमचा गडी कडब्याची पेंढी घेऊन आत उभा होता.

"कुणी मारलं हिला?"

"गड्यानं," मी म्हणालो.

गड्याने हातातल्या पेंढीची गाठ सोडायला घेतली. आमच्याकडे तो वर्षाच्या बोलीने होता. मी बोलता बोलता एक पाऊल पुढे टाकले होते. तेवढ्याने घोडी मागे सरली, गड्याच्या आडोशाला गेली आणि त्याच्या खांद्यामागून माझ्याकडे बघू लागली. म्हातारीने ते पाहिले. गड्यानेही पाहिले. मीही पाहिले.

"व्हय," म्हातारी म्हणाली. "गड्यानंच मारलं असंल."

मग ती वडिलांकडे गेली आणि घोडी परत मागितली. दसरा होऊन गेला होता, वडिलांनी फारशी घासाघीस केली नाही. लगाम मात्र ठेवून घेतला. म्हातारीने कमरेची दोरी काढून घोडीच्या गळ्यात नुसती टाकली आणि चालू लागली. मी बांधापर्यंत गेलो, काहीतरी बोलावे म्हणून. गड्याबद्दलचे खरे सांगावे, असे मनात होते. बांध आला, संपला, आणि मी परतलो. गड्याला तर मी कधीच काही बोललो नाही. पुढच्या वर्षी त्याने माळेगावात दुसरीकडे काम धरले.

फुकटचे ठेवायचे नाही म्हणून म्हातारीने घोडीच्या बदल्यात एक मेंढी पाठवली. ती पहिल्याच दिवसापासून माझ्यामागून सगळीकडे फिरू लागली. तिला काहीच शिकवावे लागले नाही.