तीन बंद घड्याळांची दोन चालू

पँटी आखूड करून देणाऱ्या बाईला छंद असला, तर तुमच्या पोटात का दुखतं? नाही दुखत म्हणता? मग तिच्या टेबलाच्या खणात जुन्या मनगटी घड्याळांच्या रांगा आहेत हे कळल्यावर तुमच्या तोंडून पहिला प्रश्न ‘विकते का?’ असाच का निघतो? डॉक्टरांच्या कपाटात तीच घड्याळं असती तर डॉक्टर शौकीन. बाईच्या खणात असली म्हणजे एक तर धंदा, नाही तर चोरीचा माल. हे दोन्ही तिनं ऐकून घेतलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा समोरच्याला कात्री दाखवली होती. आता नुसती मान हलवते. कात्री हातात असतेच.

तिला सगळे ‘जिन्याखालची’ म्हणतात, कारण तिचं दुकान एका जुन्या व्यापारी इमारतीच्या जिन्याखाली आहे. एक मशीन, एक आरसा, कपडे बदलायला पडद्याआड कोनाडा, आणि गिऱ्हाइकांना बसायला बाक. उंच माणूस आत आला की डोकं आपटतो आणि मगच नमस्कार करतो. शेजारीच काचेची पेटी मांडून घड्याळवाले काका बसतात. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून बारीक काम तीच करते. सुईत दोरा ओवणाऱ्या बोटांना घड्याळाचा स्क्रू जड नसतो. डोळ्याला भिंग लावायचं, श्वास धरायचा, आणि शिंक आली तर देवाचं नाव घ्यायचं, एवढंच काकांनी शिकवलं. बाकीचं तिनं घड्याळं उघडून शिकून घेतलं. काही बिघडवली. त्यांची माफी मागायला ती गेली नाही.

रविवारी जुना बाजार भरतो तिथं ती उजाडता पोचते. गंजक्या किल्ल्या, वाकडे चमचे, एक पाय तुटलेले चष्मे, आणि त्यांतच कुठं तरी थाळीत पडलेली चावीची घड्याळं. तिचा नियम साधा: दोन पँटींच्या शिलाईत येईल ते घ्यायचं, त्याच्या वरच्या मालाला दुरून नमस्कार. घड्याळ हातात घेतलं की आधी कानाला लावते. मग मूठ बंद करून नुसती धरून ठेवते. वर्षानुवर्षं बंद पडलेलं घड्याळ कधी कधी हाताच्या उबेनंच दोन-चार टिचक्या मारतं, आणि त्या टिचक्यांवर ती भुलते. बाकी कशावर भुलत नाही. नव्यानं रंगवलेली तबकडी तिला लांबून ओळखू येते. “कलप लावलाय हिला,” म्हणते आणि परत थाळीत टाकते. विकणारा वरमतो, कारण बहुतेक वेळा कलप त्यालाही असतो.

सकाळी स्वयंपाक उरकला की ती एका रांगेला चावी देते. सगळ्या खणाला रोज दिली तर अंगठा सुजेल. नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर जातो. डबा घेता घेता रोज एकदा तरी बोलतो.

“ही सगळी तुझ्या माहेरची दिसतात. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.”

“आणि तुमच्याकडची? ती तर बंदच.”

“दिवसातून दोनदा बरोबर असतात की.”

“तेवढं तरी तुम्ही असा.”

असा सगळा ठीकठाक संसार. आता त्या तीन घड्याळांकडे येऊ.

तिन्ही एकाच कंपनीची, एकाच मापाची, आणि तिन्ही बंद. पहिल्याची तबकडी देखणी, मशीन धड, पण बाहेरची केस घासून घासून पितळेवर आलेली आणि पट्टा अडकवायचा एक कान मोडलेला. दुसऱ्याची केस नव्यासारखी चकचकीत, पण आत पाणी जाऊन मशीनचा गंजाचा लाडू झालेला. तिसऱ्याचं मशीन उत्तम, केसला आरपार चीर. घड्याळं गोळा करणारा कुणीही जे करतो तेच तिनं केलं. पहिल्याचं मशीन आणि तबकडी दुसऱ्याच्या केसमध्ये बसवली. झाकण दाबून बसवायला काकांचा हात लागला. मग पहिल्याच्या केसचा मोडका कान सोनाराकडून झाळून घेतला आणि तिसऱ्याचं मशीन त्याच्याच तबकडीसकट त्यात घातलं. तीन मेलेल्यांतून दोन जिवंत. त्या दिवशी तिनं काकांना चहा पाजला, जो ती सहसा पाजत नाही.

पहिलं, म्हणजे देखण्या तबकडीचं, तिनं स्वतःच्या मनगटावर घातलं. तबकडीवर चारच्या आकड्यापाशी एक पिवळा ठिपका होता, बाकीच्या आकड्यांपाशी फिकट, अंधारात चमकणारे थेंब होते. कारखान्यातल्या कुणाची तरी चूक असेल असं तिला वाटायचं, आणि ती चूक तिला आवडायची. दुसरं मात्र तिनं ठेवलं नाही. त्या घासलेल्या केसच्या झाकणावर कुणी तरी हातानं अक्षरं खोदली होती, वाकडीतिकडी, टोचा घेऊन ठोकलेली: ‘पंचवीस वर्षं. एक ओरखडा नाही. गॅरेजची पोरं.’ दुसऱ्याचं कौतुक आपल्या मनगटाला चिकटवून कोण हिंडणार? पुढच्याच रविवारी ते तिनं बाजारात एका अनोळखी माणसाला दिलं. बदल्यात सुट्या भागांची डबी घेतली. डबी चांगली निघाली.

पुढं एका सकाळी डायव्हर आले. बसचे डायव्हर, निवृत्त. आजारपणात अंग उतरलेलं, म्हणून अंगावरची आणि पिशवीतली अशा दोन पँटी कमी करून घ्यायच्या होत्या. पिशवीतली घालून उभे राहिले, आणि ती खाली बसून पायाला टाचण्या लावू लागली. बाकावर चार-पाच गिऱ्हाइकं होती.

“बाई, हात इकडे करा.”

“आधी तुम्ही पाय सरळ करा.”

“हात म्हणतोय. ते घड्याळ कुठलं?”

“माझं.”

“ते माझं आहे.”

“असं? मग माझ्या मनगटावर कसं आलं? चालत?”

बाक हसला. तिच्या बोलण्याला बाक नेहमी हसतो, आणि ती त्या हसण्यावर जगते हेही खरं.

डायव्हर हसले नाहीत. “मी दवाखान्यात असताना मुलानं घर आवरलं. डबाभर सामान भंगारात दिलं, त्यात गेलं. चारपाशी पिवळा ठिपका आहे बघा. तिथला चमकणारा थेंब गळून पडला होता, आमच्या मेकॅनिकनं बसचा रंग काडीनं लावला.”

“उद्या काटेही तुमचेच म्हणाल.”

“काटेही माझेच. भांडायचं कशाला? मागं बघा ना. झाकणावर लिहिलंय. पंचवीस वर्षं, एक ओरखडा नाही, गॅरेजची पोरं.”

इथं तिचा हात थांबला. टाचणी बोटात शिरली तरी कळलं नाही. शब्द न् शब्द बरोबर होता. पण बाक बघत होता, आणि भर दुकानात तिला कुणी तरी चोरीचा माल घातलेली म्हणत होतं. डायव्हर तसं म्हणत नव्हते, पण तिच्या कानांना तेच ऐकू आलं. तिनं पट्टा सोडला, घड्याळ उलटं केलं आणि बाकाला दिसेल असं वर धरलं. झाकण आरशासारखं गुळगुळीत.

“वाचा. मोठ्यानं वाचा. काय लिहिलंय?”

डायव्हरांनी घड्याळ हातात घेतलं. झाकणावरून नख फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. “असं कसं,” एवढंच म्हणाले.

बाकावर कुरिअरवाला बसला होता. तो म्हणाला, “बाबा, पँट सैल झाली तशी आठवणही सैल झाली वाटतं. तीही घ्या दोन बोटं आत.”

सगळे खदखदून हसले. डायव्हरांनी घड्याळ मशीनवर ठेवलं आणि निघाले, टाचण्या लावलेली पँट तशीच अंगावर. येताना घातलेली पँट पडद्याआड खुंटीवर राहिली. जिन्याच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं, तरी मागं वळून पाहिलं नाही.

काका सगळं ऐकत होते. मोतीबिंदू कानांत नसतो. बाक रिकामा झाल्यावर ते म्हणाले, “झाकण घट्ट बसलंय ना गं? मीच दाबलं होतं.”

“तुम्ही तुमचं काम करा, काका.”

“काम तर तूच करतेस माझं.”

संध्याकाळी घरी भाजीत मीठ नव्हतं.

“कुणाशी भांडलीस?” नवऱ्यानं विचारलं.

“मी जिंकले.”

“मग तोंड हरल्यासारखं का?”

तिनं भांडी आपटली. आधी राग आला त्या मुलावर. बापाचं घड्याळ भंगारात देतो, कसला मुलगा! मग भंगारवाल्यावर, मग डायव्हरांवर. एवढं प्रेम होतं तर जिवाला जपावं तसं जपायचं. पण राग चावीसारखा असतो, किती पिळला तरी एका ठिकाणी येऊन अडतोच. बोलणारा माणूस खोटा नाही हे त्या दुकानात दोघांनाच माहीत होतं, तिला आणि काकांना, आणि दोघंही गप्प बसली होती.

रविवारी ती बाजारात गेली ती घड्याळ घ्यायला नव्हे. दिसेल ते घड्याळ उचलायची, उलटं करायची, ठेवून द्यायची. विकणारे वैतागले. “बाई, तोंड बघून घेतात, तुम्ही पाठी काय बघताय?” ज्याला ते घड्याळ दिलं होतं त्या माणसाची एवढीच खूण तिच्या लक्षात होती: तो डावरा होता, घड्याळ उजव्या मनगटावर बांधून पाहिलं आणि चावी द्यायला पुन्हा काढलं तेव्हा तिला गंमत वाटली होती. तो कुणाला ठाऊक नव्हता.

मग ती खुंटीवरची पँट घडी करून, घड्याळ रुमालात बांधून, डेपोमागच्या इमारतीत गेली. पत्ता शोधावा लागला नाही. पंचवीस वर्षं गाडीला ओरखडा न लावणारा माणूस त्या भागात सगळ्यांना माहीत होता. डायव्हर दारात खुर्ची टाकून बसले होते.

“पँट द्यायला आलात? ती दुसरी टाचणीसकट धुतली. सुनेच्या हाताला लागली.”

“घड्याळ तुमचंच आहे,” ती म्हणाली. बसा म्हणायच्या आत म्हणाली, नाही तर तिला जमलं नसतं. “मशीन तुमचं, तबकडी तुमची, काटे तुमचे. झाकण मी बदललं. त्यावरचं मी वाचलेलं होतं. त्या दिवशीही मला माहीत होतं.”

डायव्हर खुर्चीत पुढं सरकले. “माहीत होतं?”

“हो.”

“मग?”

“सगळे बघत होते. मला हरायचं नव्हतं.”

त्यांनी रुमाल सोडला. घड्याळ कानाला लावलं. चालू होतं, आणि त्यांच्यापाशी असताना चालायचं त्याहून चांगलं चालत होतं, असं तेच म्हणाले. मग उलटं केलं आणि परत तिच्या तळहातावर ठेवलं.

“वेळ बघायला भिंतीवर आहे माझ्या. हे साहेबांनी दिलेलं नव्हतं, बाई. साहेबांनी हार दिला, तो दुसऱ्या दिवशी सुकला. ह्यासाठी पोरांनी वर्गणी काढली. ज्यानं अक्षरं ठोकली तो आता नाही. त्याच्या हातचं तेवढंच होतं माझ्याकडे.”

“शोधते मी.”

“शोधा. आणि आणखी एक. मला चारचौघांत खोटं पाडलंत, तर खरंही चारचौघांतच करा. इथं दारात येऊन सांगणं सोपं आहे.”

तिच्या कपाळावर आठी चढली. असं तोंडावर बोलणाऱ्याला ती एरवी सोडत नाही. पण चप्पल घातली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी बाक भरल्यावर तिनं मशीन थांबवलं आणि जे घडलं ते सांगितलं, पहिल्यापासून. कुरिअरवाला होता. तो म्हणाला, “जाऊ द्या ना बाई, म्हातारे विसरतात पण.” ती म्हणाली, “ते विसरलेले नाहीत. तूही विसरू नकोस.” मग एका पुठ्ठ्यावर झाकणावरची तीन वाक्यं जशीच्या तशी लिहून पुठ्ठा आरशाच्या वर लावला. आता पँटीचं माप द्यायला उभा राहणारा प्रत्येक जण ती वाचतो आणि विचारतो, आणि प्रत्येकाला तिला सगळं सांगावं लागतं. ते सांगून सांगून सोपं होत नाही, असं काका म्हणतात. डायव्हर अजून दुकानात आलेले नाहीत. घड्याळ खणात वेगळं ठेवलेलं असतं. मनगटावर ती घालत नाही, चावी मात्र रोज देते.

तेव्हा आता हे तुमच्यासाठी. तुमच्याकडे, तुमच्या भावाकडे, कचेरीतल्या कुणाकडे जुन्या बाजारातून घेतलेलं चावीचं घड्याळ असेल, साधं, पांढऱ्या तबकडीचं, पट्ट्याचा एक कान झाळलेलं, तर ते आत्ताच्या आत्ता हातातून काढा आणि उलटं करून बघा. मागं गॅरेजच्या पोरांची अक्षरं असतील तर घासू नका, विकू नका. जिन्याखाली आणून द्या. तुमच्या घड्याळाला दुसरं झाकण ती बसवून देईल, आणि हे झाकण डायव्हरांच्या घड्याळाला लावून ते त्यांना चारचौघांत परत करेल. त्या वेळी बाकावर बसायला तुम्हीही या.