गाडी तेंची आसा

कसालच्या नाक्यावर बस बदलून दुपारी देवबागला पोहोचलो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी आणि मधे मावेल तेवढं गाव. आंतोनबाब आणि त्यांची बायको रोजी, दोघं पन्नाशीतली. घरातल्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देतात; त्यातली एक माझी. जेवणात तिसऱ्या (शिंपल्या) होत्या. त्या खाऊन मला इतका उत्साह आला, की त्या काढायला मी स्वतःच खाडीत उतरलो आणि धारदार कालवावर तळपाय कापून घेतला.

नशिबाने फिरत्या दवाखान्याची सरकारी गाडी चर्चजवळ उभी होती. मी लंगडत निघालो, तर आंतोनबाब आडवे आले.

“ती गाडी नको भाऊ. रिक्षा सांगतंय, मालवणाक जाऊया.”

“का? डॉक्टर नाहीत तिथे?”

“डॉक्टर आसा. पण गाडी तेंची आसा.”

“पावण्याक मी घेवन जातंय,” म्हणत रोजीने माझा हात धरला.

वाटेत तिने सगळं सांगितलं. गाडी तीच, डॉक्टरबाई त्याच. पूर्वी गाडीवर आंतोनबाबांच्या पुढाऱ्याचा फोटो होता, तेव्हा ते लोकांना घरातून ओढून रांगेत उभे करत आणि पलीकडची वाडी ‘फुकट्यांची गाडी’ म्हणून नाक मुरडत असे. सरकार बदललं, फोटो बदलला. आता रांगेत पलीकडची वाडी होती आणि नाक मुरडण्याचं काम आंतोनबाबांकडे आलं होतं.

मला दोन टाके पडले. मग रोजीने हळूच आपला दंड पुढे केला. रक्तदाब पाहून डॉक्टरबाई गंभीर झाल्या.

“गोळ्या कधीपासून बंद आहेत?”

“फोटो बदललो तेवापासून.”

त्यांनी तिला त्याच गाडीतून मालवणच्या रुग्णालयात नेलं. मी जाऊन सांगताच आंतोनबाब अनवाणीच रस्त्याला लागले.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. गोळ्यांच्या पाकिटावरही गाडीवरचाच नवा हसरा पुढारी होता. आंतोनबाबांनी कात्रीने तो चेहरा नीट कापून काढला आणि एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

“आता घे.”

रोजीने गोळी गिळली. “कात्री घरातच होती मां रे?” ती म्हणाली. ते कात्री ठेवायला आत गेले.

पुण्याला परतल्यावर जेवताना हे सांगितलं. सगळे पोट धरून हसले. हसता हसता मेहुण्याने विचारलं, “पण आता गाडीवर फोटो कोणाचा आहे?”

मी नाव सांगितलं. टेबलावरचं निम्मं हसू थांबलं.

“तसं पाहिलं तर,” तो म्हणाला, “लोकांना फुकट गोळ्या हव्यात कशाला?”

त्या गाडीतले टाके अजून माझ्या पायात होते. तरी मी मान डोलावली, कारण तो फोटो माझ्याही पक्षाचा नव्हता.