कोटांच्या गोधड्या

जव्हारचे मास्टर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, एका पावसाळ्यात वारले. बाजारातल्या मुसलमान दुकानदारांच्या ओळीत त्यांचे शिंप्याचे दुकान शेवटचे होते. त्यांना नाव होते, पण गावात आणि पाड्यांवर ते फक्त मास्टर होते.

कपडा हातात आला की ते आधी हुंगत. नवे कापड असो की उसवायला आलेली चोळी, नाकाशी नेल्याशिवाय कात्री लावत नसत. गिऱ्हाईक लाजले तरी त्यांना पर्वा नसे. घामाचा वास त्यांना चाले. "घाम कामाचा आहे, धुतला की जातो," म्हणत. आजाराचा आणि उंदरांचा वास चालत नसे. असा कपडा ते दोन बोटांत धरून परत देत.

दुसरी सवय विचारण्याची. झंपर शिवायला आलेल्या बाईला ते विचारत, "हा घालून काय करणार? भात लावणार की लग्नाला जाणार?" लावणीला वाकणाऱ्या बाईच्या पाठीत ते चार बोटे कापड जास्त सोडत.

बहात्तरच्या दुष्काळातल्या हिवाळ्यात शहरातल्या एका संस्थेने परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे ट्रकने जव्हारला आणले. वाटप मोखाड्याकडच्या पोशेऱ्याच्या पाड्यावर व्हायचे होते. मोठे कपडे लहान करून देण्याचे काम संस्थेच्या साहेबांनी मास्टरांना सांगितले. मास्टर आधी जीपने पोशेऱ्याला जाऊन आले. तिथे कमळी नावाच्या बाईने, कडेवर दोन वर्षांची मुलगी घेऊन, त्यांना सांगितले, "आमाला कपडे नको, मास्टर. चार पोरां एका फडक्यात निजतात. पांघराय द्या काय तरी."

गठ्ठे दुकानात फुटले तेव्हा मी हजर होतो. ठाण्याच्या एका दैनिकाला मी तेव्हा बातम्या पाठवत असे. आतून रेशमी झगे निघाले. डाग पडलेल्या, न धुतलेल्या चड्ड्या निघाल्या. जोडी नसलेले बूट निघाले. एका खिशात शेंबडाने कडक झालेला रुमाल होता. तळाशी जाड लोकरीचे कोट होते. मास्टरांनी एक कोट हुंगला, ओट्यावर जाऊन थुंकले आणि हात धुऊन आले.

"साहेब, ये कपडा नहीं, पोतेरं आहे. माणसाला द्यायच्या आधी उकळावं लागेल. आठ दिवस द्या. या कोटांच्या गोधड्या करतो."

"गोधडी फोटोत काय दिसणार, मास्टर? पाहुणे रविवारी येतायत. विमानाने येतायत."

"पाहुण्यांना थंडी वाजते का?"

"हे बघा, फुकट मिळतंय. भिकाऱ्याला कसली आलीय आवडनिवड?"

"भिकारी कोण? त्यांनी मागितलं कुठे? वाटायला तुम्ही निघालात." मास्टरांनी एक कोट साहेबांपुढे धरला. "घाला. तुम्ही घाला, मग त्यांना द्या."

साहेबांनी कोट हातात घेतला नाही. गठ्ठे त्याच संध्याकाळी उचलले गेले.

रविवारी पोशेऱ्यात कमळीच्या मुलीला एका पुरुषाचा कोट घातला गेला. तो जमिनीवर लोळत होता. पाहुण्याबाईंनी तिची कॉलर नीट केली. कमळीचे लुगडे फाटलेले होते. "बाई, जरा बाजूला हो," असे फोटोवाला तिला म्हणाला. मुलगी हसत नव्हती, म्हणून तिला लिमलेटची गोळी देण्यात आली. 'वाटप उत्साहात पार पडले' हे दैनिकातले वाक्य माझे आहे.

पंधरवड्यात मुले खाजवू लागली. कमळीच्या मुलीची खरूज चिघळून तिला ताप चढला. तिने मोखाड्याच्या दवाखान्यात नऊ दिवस काढले. मास्टरांनी संस्थेला मराठीत दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. संस्थेच्या मासिकात मुलीचा फोटो आला. तो मी दुकानात नेला. त्यांनी तो पाहिला आणि विचारले, "हिची आई कुठे आहे?"

नंतर कमळी आणि पाड्यावरच्या आणखी पाच बाया कोटांची ओझी घेऊन जीपने जव्हारला आल्या. ओझी दुकानाबाहेर टाकून कमळी म्हणाली, "तुजं तू बघ आता."

"माझं कुठे, बाई? पण टाका."

मास्टरांनी मागच्या अंगणात चूल मांडली आणि कोट सोडा घालून उकळले. लोकर आटेल, असे मी म्हणालो. "आटू दे. गोधडीला आटलेलीच बरी." उकळलेले कोट उन्हात टाकून त्यांनी एकेक शिवण उसवली. उसवणे शिवण्याहून अवघड, असे ते त्या दिवसांत रोज म्हणत. दुकानाचे दुसरे काम बंद होते. बोटांना सोड्याने भेगा पडल्या होत्या.

एकतीस कोटांच्या तेवीस गोधड्या झाल्या. शेवटची पोशेऱ्याला पोचली तेव्हा होळी होऊन गेली होती.