मुकी बैठक

मास्तरांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवले नव्हते. कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीत ते गेममधल्या किरकोळ माणसांची बोलणी लिहीत. खेळणाऱ्याने एखाद्या पात्राचे सोंग घ्यायचे आणि मुलूख पालथा घालायचा, अशा त्या गेम. राजे आणि राक्षस इतरांकडे. मास्तरांकडे लोहार, पाणक्या, चिडकी घरमालकीण. स्वभाव इतका भिडस्त की मीटिंगमध्ये त्यांचा आवाज निघे तो फक्त खोकल्याचा. बायको म्हणे, "घरी तोंड शिवलेलं, आणि तिकडे गावभर लोकांना बोलायला लावता."

पहिल्या गेममध्ये एकच गाव होते, पण त्यातला प्रत्येक माणूस वेगळे बोलायचा. लोक तहानभूक विसरून खेळले. पुढे कंपनी फुगली. डोंगरामागे डोंगर आले, आणि पडद्यावर एक बाण आला: इकडे चला, आता तिकडे चला. बाण असल्यावर वाट विचारतो कोण? पाचव्या गेममधला झाडून सगळा गाव "सांभाळून जा" एवढेच म्हणायचा. खेळणाऱ्यांनी त्याची टर उडवून कंपनीची पार लाज काढली.

सहाव्या गेमला नव्या प्रमुखबाई आल्या. त्यांनी सुरुवातीच्या काळातली चाल पुन्हा सुरू केली, मुकी बैठक. बाहेरच्या माणसाला खेळायला बसवायचे आणि आपण मागे बसून चकार शब्द काढायचा नाही.

"मास्तर, तुमच्या नावाड्याच्या गावात कुणी थांबतच नाही," प्रमुखबाई म्हणाल्या. "बाणामागे पळत सुटतात. गाव काढून टाकूया."

मास्तर खोकले. मग कुठून बळ आले कोण जाणे, म्हणाले, "तेवढ्या गावापुरता बाण काढून बघा ना. एकदा."

"एकदाच हं. आज कुणी थांबलं तर गाव राहील."

नेमका त्या दिवशी ठरलेला खेळाडू आला नाही. प्रमुखबाईंच्या सासूबाई सुनेला न्यायला आल्या होत्या, त्यांनाच खुर्चीवर बसवले. हात बसायला थोडा वेळ लागला, पण मग त्या भराभर निघाल्या. नावाड्याचे गाव आले आणि बाण नाहीसा झाला.

"अगं, आता जायचं कुठं?"

सून गप्प.

"घरी तर ऐकून घेत नाहीस. इथे बरी जीभ आखडली."

मागे कुणीतरी हसू दाबले. मास्तरांना हसू सुचत नव्हते. सासूबाई नदीत शिरल्या, बुडता बुडता परतल्या, नावाड्यासमोरून तशाच पुढे गेल्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्या मागे वळल्या होत्या.

"पलीकडे सोडतो," नावाडी म्हणाला. "पण त्या काठावर माझा भाऊ राहतो. मी कसा आहे ते त्याला सांगू नका."

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "का रे बाबा? काय बिनसलं?"

त्यांनी एकूण एक प्रश्न विचारला. जमिनीचे भांडण निघाले, आईचे आजारपण निघाले, शेवटी भावासाठी एक निरोपही निघाला. खोलीत कुणी जागचे हलेना.

"याला भावापर्यंत सोबत न्यायची सोय नाही का? नुसता निरोप काय न्यायचा?"

ती सोय नव्हती. कुणाला सुचलीच नव्हती. प्रमुखबाईंनी स्वतःचाच नियम मोडला. "नाही आई. पण होईल. मास्तर, होईल ना?"

"होईल की," मास्तर म्हणाले. खोकायचेही विसरले. त्यांनी शेजारचा कीबोर्ड ओढला, बोटे ठेवली आणि अडले. मग थेट सासूबाईंनाच विचारले, "काठावर भाऊ दिसल्यावर हा आधी काय बोलेल?"

"बोलेल कसला? होडी नीट बांधता येत नाही म्हणून तोच याला ओरडेल आधी."

मास्तर टाइप करू लागले.