रक्त तपासलं ते फक्त माझं

मी अमरावती सोडली त्या सकाळी बाबांनी मला आधी लॅबमध्ये नेलं. राजापेठेत पावलोपावली ओळखीचे, म्हणून थेट चांदूर रेल्वेला. महिन्याभरापूर्वी त्यांनी मी एका मित्राला लिहिलेले प्रेमाचे मेसेज वाचले होते. त्यावर त्यांचा एकच प्रश्न, "तुले तो रोग तं नाही लागला?" मी बावीस वर्षांचा होतो, तोवर कोणाचा हातसुद्धा धरला नव्हता. रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाबांनी दोनदा वाचला, फाडला, आणि तिथूनच मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं.

पुण्यात मी दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करतो. कटिंगला जावं तसा जातो. काउन्सेलर मॅडम चहा विचारतात. मी पुण्याला आलो त्याच सुमारास तिकडं धाकट्या बहिणीचं, सुमीचं, अकोल्यात लग्न लागलं. जावई मशीनचे पार्ट विकतो, महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. छत्तीस गुण जुळले म्हणून आई पेढे वाटत फिरली. त्याचं रक्त तपासा, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. कावून येईल? तो पुरुष, लग्नाचा, चांगल्या घरचा!

मागच्या वर्षी सुमीला ताप धरला. वजन उतरलं, पाठीवर नागीण उठली. आईनं चांदूर बाजारच्या एका बुवाकडून ती मंत्रून उतरवली, वर गेरू फासला. डॉक्टरांनी टायफॉइड पाहिला, मलेरिया पाहिला. गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी झाली होती, निगेटिव्ह, त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. मी फोनवर म्हटलं, पुन्हा करा. बाबा कडाडले, "तोंड सांभाळ. ते काय तुयासारखी हाय का?"

मी गाडी पकडली, अकोल्याला उतरलो आणि सुमीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिचा धीर सुटू नये म्हणून तिच्याशेजारी बसून मीही रक्त दिलं. माझं निगेटिव्ह. तिचं पॉझिटिव्ह. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, गोळ्या आजपासून सुरू करू, नीट घेतल्या की छान जगशील. पण नवऱ्याला आणि लेकीला तपासायला आणायचं. लेक अडीच वर्षांची, अंगावर प्यालेली.

संध्याकाळी आई-बाबा सुमीच्या घरी आले. बाबांनी जावयाकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं बोट केलं. "दिवाळीत हा इथंच राहिला व्हता. यानंच आणलं घरात." माझा रिपोर्ट मी त्यांच्यापुढं धरला. "तुया कागदाचं कौतुक मले नोको सांगू!" जावई मान खाली घालून चिवडा खात होता. जावयाला चिवडा, मला शिव्या. वा रे न्याय!

पण खरा घाव सुमीचा होता. स्वयंपाकघरात नेऊन तिनं माझे हात धरले. "दादा, हो म्हणून दे न. तुले तं ते आधीच तसं समजतात. माह्यं घर तं राहीन." मला तिचा राग आला, मग रडू आलं. तुम्ही तिकडच्यांनी माझ्या अंगावर इतकी वर्षं जो रोग चिकटवून ठेवलात, तो आता माझ्या बहिणीला माझ्याकडून उसना हवा होता! मी हो म्हटलं असतं तर जावई सुटला असता, आणि विषय तिथंच मिटवून लेकीची तपासणी कोणीच केली नसती.

मी नाही म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "हा रोग बाई-पुरुष, असा-तसा पाहून येत नाही. उद्या लेकीले घेऊन मी जातो, जावईबुवांनीही यावं." बाबा म्हणाले, "निघ, पुन्हा माह्या घरची पायरी चढू नोको."

लेक निगेटिव्ह निघाली. जावई महिनाभर टाळत राहिला, मग गेला, पॉझिटिव्ह. त्याला आजही कोणी काही विचारत नाही, आई त्याला गरम पोळी वाढते. सुमी चार महिने माझ्याशी बोलली नाही. गोळ्या मात्र चुकवल्या नाहीत. तेवढ्यावर मी चार महिने काढले.

तुम्ही तिकडं राहिलेले विचारता, गावची आठवण येते का? येते. रागही तेवढाच येतो.

यंदा दिवाळीला, न सांगता, सुमी लेकीला घेऊन माझ्या दोन खोल्यांत आली. अंगावर मांस धरलेलं, आवाज पहिल्यासारखा मोठा. शेजारच्या काकूंनी दारातच विचारलं, "पाहुण्या कुठून आल्या?"

"अकोल्याहून," सुमी म्हणाली. "माहेरी आली."