कळसूबाईची तयारी, अंबड स्टाईल!

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंट एवढंसं, पण किस्से इतके की ठेवायला कपाट पुरायचं नाही! त्यात गेल्या वर्षी आम्ही चौघांनी ठरवलं, डिसेंबरात कळसूबाई चढायचं. डोंगर झाला एका दिवसात. तयारी चालली तीन महिने. मग काय, किस्सेच किस्से!

*

पहिला मान खैरनारचा. हा सटाण्याकडचा गडी. दुकानदाराने नवे ट्रेकिंग शूज देताना सांगितलं, "आधी पंधरा दिवस पायात मुरवा." खैरनारने ते फारच मनावर घेतलं. शूज घालून ऑफिस, शूज घालून भाजी मार्केट!

मधेच मेव्हणीचं लग्न आलं. पठ्ठ्या शेरवानीवर तेच चिखलाळ शूज घालून हजर! सासरे मांडवातच अहिराणीत ओरडले, "जावईबापू, आठे लगीन शे, डोंगर नही!"

खैरनार शांतपणे म्हणाला, "मामा, लग्न दोन तासांत उरकतं, पायाचे फोड आठवडाभर राहतात!"

*

देशमुख साहेब आमचे डिपार्टमेंट हेड. त्यांनी नोटीसच लावली: 'पाठीवर पाच किलोच्या वर वजन नको.' शनिवारी सगळ्यांच्या बॅगा कारखान्याच्या काट्यावर ठेवल्या. माझी चार किलो. खैरनारची साडेचार. साहेबांची अकरा!

उघडली तर आत चादर, छत्री, थर्मास, आणि डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. "हे मिसेसनी भरलंय," साहेब पुटपुटले.

आमच्या पगारे मॅडम उठल्या. ड्रॉवरमधून लाल लेबल काढलं आणि बॅगेवर चिकटवलं: 'रिजेक्ट'.

लाडू मात्र आम्ही तिथल्या तिथे पास केले!

*

आमचे वॉचमन भोये मामा मूळचे हरसूलचे. डोंगर त्यांच्या पायातच. दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर ते आमची प्रॅक्टिस घ्यायचे, साध्या चपलांवर!

खैरनारच्या मनगटावर नवं घड्याळ. दर दहा पायऱ्यांनी थांबून त्यात हृदयाचे ठोके बघायचा. शेवटी म्हणाला, "मामा, तुमच्याकडे तर घड्याळ नाही. जास्त दम लागतोय हे कळतं कसं?"

"चालता चालता गाणं म्हना," मामा म्हणाले.

खैरनारने तोंड उघडलं. सूर सोडाच, शब्दही फुटेना!

"नाय येत ना? मग लय पळताय. हळू चाला."

त्या दिवसापासून आम्ही गात गात चढायला लागलो. वर पोचलो तेव्हा चौघांचाही दम शाबूत! लेणी बघायला आलेले लोक मात्र आमच्यापासून जरा लांबूनच जात होते.

*

आणि आता पगारे मॅडम. मार्चमध्ये रिटायर होणार होत्या. मुलगा म्हणाला, "आई, तू पायथ्याशी बसून चहा पी. वर लोखंडी शिड्या आहेत." मॅडमना उंचीची भयंकर भीती, हे त्याला माहीत होतं.

मॅडमनी वेगळाच उपाय काढला. स्टोअरमधल्या माळ्याला एक लोखंडी शिडी आहे, तिच्यावर जेवणाच्या सुट्टीत रोज चढायला लागल्या. पहिल्या दिवशी तिसऱ्या पायरीवर रडल्या. मी खाली शिडी धरून उभी. "मॅडम, राहू द्या," म्हटलं. म्हणाल्या, "गप्प बस आणि धर!" महिन्याभराने माळ्यावर बसून डबा खात होत्या!

कळसूबाईच्या शेवटच्या शिडीवर गर्दी तुंबलेली. मधोमध एक कॉलेजची मुलगी कठडा आवळून थिजलेली. ना वर, ना खाली. खालून लोक ओरडतायत, ती आणखीच घट्ट होतेय. आमच्यात सगळ्यात पुढे मॅडम. त्या तिच्या मागच्या पायरीपर्यंत गेल्या.

"बाळा, खाली बघू नको. उजवा पाय. शाब्बास! आता डावा. मी आहे मागे."

एकेक पायरी करत दोघी वर पोचल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मुलीने मॅडमना मिठीच मारली. "काकू, तुम्हाला जरासुद्धा भीती वाटत नाही?"

"मला?" मॅडम धापा टाकत म्हणाल्या, "अगं, तुझ्या बॅगेला लटकलेली ती पिवळी बाहुली बघत बघत वर आले मी!"